आंदणातली खाट

वत्सला गेल्याची बातमी मला तिच्या यजमानांनीच सांगितली, आणि त्याच दमात घरात साखर कुठे असते तेही विचारलं. शनिवारची सकाळची शाळा आटोपून मी नुकतीच आले होते. ओट्यावर उभी राहून कुलूप काढत होते, तर दत्तोपंत समोरून, स्टँडकडून चालत येताना दिसले. मागे त्यांचे चार नातेवाईक. आदल्या दिवशी पहाटे भाड्याच्या मोटारीतून ते वत्सलाला मुंबईला घेऊन गेले होते. ती बरोबर नाही म्हटल्यावर खरं म्हणजे मला कळायला हवं होतं. पण माणूस वेडं असतं, मी मोटार मागून येत असेल म्हणून रस्त्याकडे बघत राहिले. ते ओट्यापाशी आले, चपला काढल्या आणि म्हणाले, "कुसुमताई, ती गेली. काल संध्याकाळीच. तिकडेच सगळं आटोपलं..." मग हळूच म्हणाले, "मंडळींना सकाळपासून चहा नाही. घरात साखर कुठे असते हो?"

मला ठाऊक होतं. मुंग्या लागतात म्हणून वत्सला साखरेचा डबा पाण्याच्या ताटलीत ठेवायची, मांडणीच्या खालच्या फळीवर, गुळाच्या मागे. मी ते सांगितलं. अगदी व्यवस्थित, वर्गात मुलींना सांगावं तसं. मग सुतकाच्या घरात चूल पेटवायची नसते ह्याची त्यांना आठवण करून दिली आणि चहा माझ्याकडेच टाकला. आधण उकळत असताना मला पहिल्यांदा रडू आलं, पण ते दुःखाचं होतं असं मी म्हणणार नाही. मला भयंकर राग आला होता. इतकी वर्षं ज्या घरात तिने किती जणांच्या पथ्याचे चहा वेगवेगळे केले, कुणाला बिनसाखरेचा, कुणाला आल्याचा, कुणाला नुसत्या गवती चहाचा काढा, त्या घराच्या मालकाला साखरेचा डबा ठाऊक नव्हता.

स्वातंत्र्य मिळालं त्याच्या पुढच्या वर्षी मी पनवेलच्या मुलींच्या शाळेत नोकरीला आले. लग्न केलेलं नव्हतं, करायचंही नव्हतं, त्यामुळे जागा मिळेना. एकट्या बाईला बिऱ्हाड द्यायला लोक कचरत. दत्तोपंतांच्या घराला लागून दोन खोल्या रिकाम्या होत्या, मध्ये एकच भिंत आणि पुढे एकच ओटा. घरमालक नाही म्हणणार एवढ्यात वत्सला दारात आली आणि म्हणाली, "द्या हो त्यांना. मला बोलायला कोणीतरी होईल." तेव्हा ती असेल पंचविशीची. ठेंगणी, सावळी, कपाळ मोठं आणि बोलायला लागली की हात थांबायचे नाहीत. तिचं बोलणं ऐकायला मला फार आवडायचं, कारण ती नकला करायची. तिच्या घरी येणाऱ्या दुखणाइतांच्या नकला. पोटात गोळा फिरतो म्हणणारे एक वकील होते, ते गोळ्याची दिशा बोटाने हवेत काढून दाखवत. ती ते असं काही करून दाखवायची, की मला हसून हसून ठसका लागायचा. मग पदराने डोळे पुसत म्हणायची, "हसू नको गं, बिचाऱ्याला खरंच दुखतं."

दुखणाईत का येत, ते सांगायला हवं. पनवेल हे गाव राहायचं कमी आणि उतरायचं जास्त. महाड, माणगाव, पेणकडून मुंबईला जायचं तर इथे मोटार बदलायची, आणि पुढची मोटार चुकली की मुक्काम करायचा. दत्तोपंतांचं सगळं गोत खाली महाडकडे, आणि ह्यांचं घर स्टँडच्या मागे, हाकेच्या अंतरावर. त्यामुळे मुंबईच्या मोठ्या इस्पितळात दाखवायला निघालेलं प्रत्येक माणूस आधी ह्यांच्या ओट्यावर उतरायचं. जाताना एक मुक्काम, येताना एक, आणि ऑपरेशन झालेलं असेल तर येताना चांगला लांबलचक. "दत्तूकडे उतरा, तिथे वहिनी बघतील," असं त्या गोतात ठरूनच गेलं होतं. दत्तोपंत भाताच्या गिरणीत कारकून. सकाळी जेवून जात, दिवेलागणीला येत. बघायचं ते वहिनींनी. मूलबाळ नव्हतं, आणि ते लोकांच्या फार सोयीचं पडलं. "लेकरं नाहीत, तर चार माणसांनी घर भरलेलं बरं," हे वाक्य मी त्या ओट्यावर इतक्या तोंडांतून ऐकलं आहे, की बोलणाऱ्याने तोंड उघडलं की मला ते आधीच ऐकू येई.

त्या घरात दर्शनी खोलीत, खिडकीपाशी एक खाट होती. सागवानी, जाड पायांची, पांढऱ्या नवारीने विणलेली. वत्सलाचं माहेर आपट्याचं, पाताळगंगेच्या काठावर. पावसाळ्यात घरात जमीन ओल धरायची आणि लहानपणी वत्सलाला त्या ओलीने सारखा खोकला व्हायचा. म्हणून लग्न ठरलं तेव्हा तिच्या वडिलांनी इतर काही देण्याआधी सुताराला बोलावून ही खाट करून घेतली. "माझी मुलगी ओलीवर निजणार नाही," असं ते म्हणाले होते. हे ती मला पहिल्याच आठवड्यात सांगून मोकळी झाली, मोठ्या अभिमानाने. खाटेबरोबर एक तांब्याचं घंगाळही आंदणात आलं होतं, कड्या असलेलं. मी विचारलं, "मग झोप कशी लागते खाटेवर?" तर म्हणाली, "मी कुठली झोपायला? आले त्याच महिन्यात सासूबाईंचे भाऊ दमा घेऊन आले. तेव्हापासून ती पाहुण्यांची." तिने ते हसतच सांगितलं. मीही तेव्हा हसले. पाहुणा नसेल त्या दिवशी तरी तिने तिथे पाठ टेकावी ना? पण पाहुणा नसेल त्या दिवशी खाट धुवायची असायची, नवार उन्हात ताणायची असायची, आणि संध्याकाळच्या मोटारीने पुढचा कोणीतरी यायचाच.

त्या सगळ्या रगाड्यात तिने स्वतःसाठी एक गोष्ट राखली होती. दुपारचा तास. जेवणं उरकली, पाहुण्यांची औषधं झाली, की ती मधलं दार लावून माझ्याकडे मागच्या पडवीत यायची, घंगाळ घेऊन. गव्हाणकडच्या मिठागरांवरचं खडे मीठ दत्तोपंतांच्या गिरणीवर येणारा एक शेतकरी दर वर्षी पोतंभर देत असे. त्यातलं मूठभर गरम पाण्यात टाकायचं आणि पाय सोडून बसायचं. ही तिच्या आईची पद्धत, लावणीच्या दिवसांत चिखलात उभं राहून पाय भरून आले की ती असं करायची. मी सकाळभर फळ्यापुढे उभी, ही दिवसभर चुलीपुढे. दोघींचे पाय सारखेच ठणकायचे. पण घंगाळात चार पाय मावत नसत. पाळी लावायला हवी, आणि ती नेहमी आधी मला बसवायची. "तू शाळेतून आलीयस," म्हणायची. पाणी कोमट झालं की मग स्वतः पाय सोडायची. किती भांडले मी तिच्याशी! पहिल्या गरम पाण्याचा मान तिने मला शेवटपर्यंत सोडू दिला नाही.

तेवढा तास मात्र ती पूर्ण माणूस असायची. मला आज कुणी विचारलं, की बरं वाटणं म्हणजे काय, तर मला तीच दिसते. भिंतीला डोकं टेकून, डोळे मिटून, पायाची बोटं पाण्यात हलवत बसलेली वत्सला. कधी आम्ही अवाक्षर बोलत नसू. पण तिकडे त्या घरात ह्या तासाची चेष्टा व्हायची. "राणीसरकार पाय धुतायत काय?" असं ओट्यावरून कुणीतरी ओरडायचं, आणि बाकीचे हसायचे. मग कुणाला तरी पाणी हवं असे, कुणाची गोळी सापडत नसे. ती ओल्या पायांनी उठायची. पडवीतून दारापर्यंत तिच्या पावलांचे ठसे उमटायचे आणि वाळायच्या आत ती परत आलेली मी क्वचितच पाहिली.

एकदा मी तिला स्पष्ट सांगितलं. मला गोड बोलता येत नाही, शाळेतही माझा तोच लौकिक आहे. मी म्हटलं, "तुला नाही म्हणता येत नाही असं समजू नकोस. तुला हे आवडतं. माझ्यावाचून सगळ्यांचं अडतं, हे तुला आवडतं." मला वाटलं ती चिडेल. ती शांतपणे पाण्यात बघत म्हणाली, "आवडतंच गं. मला का कळत नाही? ना मूल, ना नोकरी. उद्या ही माणसं यायची थांबली, तर मी कोण...?" लोक म्हणतात भोळी होती, देवभोळी होती, सेवाभावी होती. नव्हती ती भोळी. तिला स्वतःचं मन आरशासारखं दिसत होतं, आणि दिसूनही ती तशीच वागत राहिली. माझा राग त्या माणसांवर आहे तसा थोडा तिच्यावरही आहे, तो मेल्या माणसाचा मान राखायचा म्हणून मी लपवणार नाही.

गेल्या दोन-तीन वर्षांत तिचे पाय सुजायला लागले. आधी संध्याकाळी सुजायचे आणि सकाळी उतरायचे. मग सकाळीही उतरेनात. घोट्याशी बोट दाबलं की खळगा पडायचा आणि तसाच राहायचा. ओट्याच्या पायऱ्या चढताना धाप लागायची. दुपारच्या तासाला हे मी रोज बघत होते आणि रोज सांगत होते, की वत्सला, दाखव कुणाला तरी. "उभं राहून राहून आलेत," हे तिचं उत्तर. त्या घरात जो तो स्वतःच्या नाडीकडे लक्ष देणारा. जीभ बघणारे, लघवीचा रंग सांगणारे, जेवल्यावर किती ढेकर आले ते मोजणारे. पण तिच्या पायांकडे एकानेही पाहिलं नाही. नाही म्हणायला एक पारूबाई होती. ती कोळीण खाडीवरून मासळीची पाटी घेऊन यायची, ओट्याच्या पायरीवर टेकायची आणि भाव करायच्या आधी विचारायची, "वयनी, कशा हाव? तुमी जरा टेका की बाय. पाय बगा कवरं सुजलं हायत." वत्सला म्हणायची, "मी बरी आहे गं. बोंबील ताजे आहेत ना?"

गावातले एक डॉक्टर त्या घरी नेहमीचे. पाहुण्यांना तपासायला यायचे आणि चहा घेतल्याशिवाय जायचे नाहीत. एकदा मी त्यांना मुद्दाम तिच्यादेखत म्हटलं, "डॉक्टर, आमच्या वत्सलाचे पाय बघा जरा." ती लाजून लुगडं खाली ओढायला लागली. त्यांनी चष्म्यातून वरवर पाहिलं आणि म्हणाले, "वहिनी, दगदग कमी करा. बसत जा जरा." आणि कप पुढे करून म्हणाले, "अर्धा कप आणखी मिळेल का?" ती उठली आणि आत गेली. डॉक्टर वाईट नव्हते. त्या घरात बसलं, की कुणालाही सवयीने तसंच वागावंसं वाटायचं.

शेवटी उन्हाळ्याच्या सुट्टीत मी ठरवलंच. म्हटलं, मी तुला घेऊन जाते, मुंबईच्या इस्पितळात दाखवू. ती तयार झाली. तिलाही भीती वाटत असावी, कारण इतक्या सहज ती ऐकणारी नव्हे. सोमवार ठरला. तिने रविवारी माझ्याकडेच पिशवी भरून ठेवली, त्यात एक धुतलेलं लुगडं, डब्यात दशम्या, आणि मोटार लागते म्हणून आवळ्याची सुपारी. माहेरी निघाल्यासारखी खुशीत होती. सोमवारी सकाळी आम्ही निघणार, तर ओट्यावर दत्तोपंतांचे आतेभाऊ बापू येऊन बसलेले. अंतर्गळाचं ऑपरेशन करायचं होतं, महाडच्या डॉक्टरांनी चिठ्ठी दिली होती, आणि मुंबईची माहिती नाही म्हणून वहिनींनी बरोबर यावं असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, "त्या आज स्वतःला दाखवायला चालल्यात." बापूंना खूप बरं वाटलं. "अरे वा! मग एकाच वाटेने काम होईल," असं म्हणाले. मला नको म्हणाली वत्सला, तीन माणसांची गर्दी कशाला? गेली दोघं. मी दिवसभर घरात येरझाऱ्या घालत होते. संध्याकाळच्या मोटारीने ती एकटीच उतरली, बापूंना भरती करून. पिशवीतल्या दशम्यांचा डबा तसाच. मी विचारलं, "दाखवलंस?" तर ओट्यावर टेकत म्हणाली, "अगं, त्यांचा नंबर लागेपर्यंत वेळच संपली." त्या इस्पितळात कोणत्या खिडकीशी कागद मिळतो, कोणत्या मजल्यावर रक्त घेतात, कोणती नर्स चिडकी आणि कोणती मायाळू, सगळं तिला पाठ होतं. दर वेळी कागद दुसऱ्याच्या नावाचा.

बापू ऑपरेशन होऊन आले आणि हवापालट म्हणून खाटेवर राहिले. त्यांची जखम भरून आली, त्यांना भूक लागायला लागली, ते सकाळी वडाळे तळ्याला फेरी मारून येऊ लागले, तरी मुक्काम हलेना. पनवेलची हवा मानवली, म्हणायचे. इकडे वत्सलाला आडवं पडलं की जीव घुसमटायला लागला. जमिनीवर अंथरुणात पडली की उठून बसायची. मग स्वयंपाकघराच्या भिंतीला पाठ लावून, मांडीवर उशी घेऊन बसल्या बसल्याच डोळे मिटायची. मी हे ऐकलं तेव्हा थेट दत्तोपंतांना गिरणीत जाऊन भेटले. म्हटलं, निदान खाट तरी द्या तिला, उशाशी लोड लावून बसता येईल. ते खरंच अस्वस्थ झाले. हातातलं काम थांबवून म्हणाले, "पण कुसुमताई, दुखणाईत पाहुण्याला खाली उतरवायचं कसं? बरं दिसतं का ते?" संध्याकाळी त्यांनी तिला विचारलं म्हणे. ती म्हणाली, काही नको, मला बसूनच बरं वाटतं. झालं. विचारणाऱ्याची सुटका झाली आणि बापूंनी कूस बदलली.

त्यानंतर दुपारच्या तासालाही ती यायची थांबली. घंगाळ उचलवत नव्हतं. मीच तिच्याकडे जाऊन बसायची, स्वयंपाकघराच्या दारात. शेवटच्या दुपारी ती भिंतीला टेकून बसली होती, ओठ निळसर पडलेले. मला म्हणाली, "आज त्या खाटेची नवार सैल झालीय, ताणायला हवी." मी उठून बाहेरच्या खोलीत गेले आणि बापूंना म्हटलं, उठा. काय पाहिलं त्यांनी माझ्या तोंडावर कोण जाणे, उठले बापडे. पण मी आत येऊन तिला हाताला धरून उठवायला लागले, तर तिला दोन पावलंही टाकवेनात. दारापर्यंत आली आणि तिथेच बसली. दुसऱ्या दिवशी पहाटे मोटार आली. मोटारीत बसवताना तिच्या पायांत चपला जात नव्हत्या, तशीच अनवाणी नेली. इस्पितळात या खेपेला मात्र कागदावर तिचं नाव लिहिलं असेल. मला ते बघायला मिळालं नाही.

पारूबाईला दोन दिवसांनी कळलं. पाटी खाली ठेवून पायरीवर बसून राहिली. मासळी मागायला दोघी-तिघी आल्या, त्यांना तिने पुढे जा म्हणून सांगितलं. मला म्हणाली, "बाय, मी रोज इचारायची. रोज म्हनायची बरी हाय, बरी हाय. एक डाव तरी नाय म्हनली असती..." पदर तोंडाला लावला आणि पाटी उचलून गेली. एवढ्या माणसांत ह्या मरणाबद्दल माझ्या मनातलं कुणी बोललं असेल, तर ती.

बाराव्या दिवशी शय्यादान होतं. गेलेल्या माणसाला पुढच्या वाटेवर विसावा मिळावा म्हणून त्याच्या नावाने खाट, गादी, उशी, चादर, छत्री, चपला असं सगळं गुरुजींना द्यायचं, आणि गुरुजींनी त्या खाटेवर क्षणभर टेकायचं, की ते तिला पोचलं. सगळं गोत जमलं होतं. कोणती खाट द्यायची असा विषय निघाला, तेव्हा बापू म्हणाले, "बाजारातून एखादी लहान बाजली आणू. ही चांगली सागवानी आहे, घरात उपयोगी पडेल." दोघा-तिघांनी माना डोलावल्या. दत्तोपंत कोपऱ्यात बसले होते, ओलं धोतर नेसून. ते एकदम म्हणाले, "नाही. ही तिच्या वडिलांनी दिलेली. तिची तिलाच मिळू दे." उभ्या जन्मात त्या माणसाने पाहुण्याला नाही म्हटलेलं मी तेव्हा प्रथम ऐकलं. खाट अंगणात आणली, नवी गादी घातली, पांढरी चादर अंथरली. खाली नव्या चपला ठेवल्या, लहानशा, सुजलेल्या पायांत कधी गेल्या नसत्या अशा.

त्या चपला पाहिल्या आणि माझा तोल गेला. चारचौघांत बायकांनी बोलू नये अशी ती वेळ होती, ते मला कळत होतं. तरी मी म्हटलं, "दत्तोपंत, संकल्प सोडण्याआधी मला एक सांगा. ती या खाटेवर कधी झोपली होती?" गुरुजींचा पळी धरलेला हात थांबला. बापू आकाशाकडे बघायला लागले. मला वाटलं, दत्तोपंत रागावतील, मला जा म्हणतील. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि लहान मुलाला गणित येऊ नये तसा त्यांचा चेहरा झाला. म्हणाले, "मी गिरणीत असायचो हो... मला वाटायचं, दुपारी पडत असेल." ते खोटं बोलत नव्हते. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांना खरंच तसं वाटत होतं. गुरुजींनी संकल्प सांगितला, पाणी सोडलं आणि गादीवर टेकले. हाताने चाचपून म्हणाले, "उत्तम आहे. मजबूत आहे." मग दोन माणसांनी खाट डोक्यावर घेतली आणि स्टँडवरून नेली. मोटारीतून उतरलेली माणसं वर पाय केलेल्या त्या खाटेकडे बघत बाजूला होत होती.

आता त्या खोलीत खिडकीपाशी कोब्याची जमीन तेवढ्या चौकोनी जागेत काळपट राहिली आहे, जिथे इतकी वर्षं ऊन पोचलं नाही. दत्तोपंत त्यावर चटई घालत नाहीत. ते हल्ली दुपारचे जेवायला घरी येतात आणि दार लावून बसतात. गोत बरंच पांगलं, पण ज्यांना कळलं नाही असे अजून येतात. मध्यंतरी दत्तोपंत ते घंगाळ माझ्याकडे घेऊन आले आणि म्हणाले, "तुम्हाला आंघोळीला होईल." ते कशासाठी असायचं, तेही त्यांना माहीत नव्हतं. मी ठेवून घेतलं आणि चिंच लावून घासलं.

परवा रविवारी दुपारी मी पाणी तापवलं, घंगाळात ओतलं, खडे मिठाची मूठ टाकली आणि पडवीत बसले. पाय सोडले, पाणी कढत असतानाच. दत्तोपंत बाहेर गेले होते, शेजारी कुलूप. तेवढ्यात ओट्यावर चपला वाजल्या आणि एक पुरुषी आवाज आला, चांगला खणखणीत, "वत्सलावहिनी आहेत का? आम्ही महाडहून आलो, दत्तूकडचे. उद्या मुंबईला दाखवायला जायचंय." मी डोकं भिंतीला टेकलं होतं, तसंच ठेवलं. आतूनच म्हटलं, "त्या झोपल्यात."

"असं होय?" तो म्हणाला. "मग थांबतो इथेच. उठल्या की सांगा, जरा चहाचं बघा म्हणावं."

तो ओट्यावर बसल्याचा, पिशवी ठेवल्याचा, मग मधूनमधून खाकरल्याचा आवाज येत होता. पाणी पार गार होईपर्यंत मी उठले नाही, आणि तोवर तो तिथे वाट बघत बसला होता. बसू दे म्हटलं.